किडकं वांगं

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत पुष्कळ काही घडलं. पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला आणि सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी पिकं मातीसकट घेऊन गेला. शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला बुद्धिबळाचा विश्वचषक आणला, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आपल्यातून गेले, पहिलीपासूनच्या हिंदीवरून रणं माजली. यातल्या एकेका विषयावर अधिकाराने लिहिणारी माणसं आहेत, काहींचे लेख पुढच्या पानांत आहेतच. संपादकीयाची जागा मात्र यंदा मी एका वांग्याला देतोय. इतकी वर्षं तुम्ही सांभाळून घेत आला आहात, एवढंही घ्याल.

आमच्या भागात दर रविवारी शेतकऱ्यांचा थेट भाजीबाजार भरतो. ‘विषमुक्त भाजीपाला’ असा फलक लावलेल्या टेबलापाशी कायम गर्दी. गिऱ्हाइकं बदलतात, संवाद तोच.

“मावशी, औषध मारलेलं नाही ना?”

“नाही ताई, घरच्या रानातलं आहे.”

“मग या वांग्याला भोक कसलं?”

औषध मारलं नाही म्हणूनच भोक, हे मावशीच्या ओठांवर आलेलं असतं. पण गिऱ्हाईक तोडायचं नसतं, म्हणून ती ते वांगं मुकाट्याने बाजूला ठेवते. ताई दुसरं उचलतात, देठाशी फिरवून बघतात, ठेवतात, तिसरं उचलतात. दादाही मागे नसतात. ते चष्मा कपाळावर चढवून बघतात. शेवटी पाव किलो पसंत पडतात, वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मागून घेतल्या जातात आणि नाकारलेल्या वांग्यांचा ढीग मावशीपाशी उरतो. त्या ढिगाने मला वर्षभर छळलं आहे.

वांग्याला भोक पाडणारा वैरी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिचा पतंग पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात नाहीतर फळात घुसते आणि आतून पोखरत बसते. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत वरून मारलेलं औषध पोचत नाही. म्हणून तिला घुसण्याआधीच गाठायचं, म्हणजे अळी दिसो न दिसो, ठरावीक दिवसांनी पंप पाठीवर घ्यायचा. वांग्याचा तोडा तर दर चार-सहा दिवसांनी. फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडणी करावी हे औषधाच्या माहितीपत्रकावर असतं. पण झाडावरचं वांगं तेवढे दिवस कोवळं राहत नाही आणि बाजाराला तर मुळीच दम नसतो.

याच अळीवर उतारा म्हणून जालन्याच्या महिकोने बीटी वांगं तयार केलं होतं. 2010 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. स्थगिती बरोबर की चूक यावर अजून हिरिरीने भांडता येईल. या सगळ्याशी अळीला काही देणंघेणं नाही.

रासायनिक औषध न फवारता वांगी पिकवणारा माणूस करतो तरी काय? मान टाकलेले शेंडे वाफ्यावाफ्यात फिरून खुडतो आणि नष्ट करतो. कामगंध सापळे लावतो. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवतो, फडक्यातून गाळून पाच टक्के अर्क फवारतो. एवढं करूनही प्रत्येक तोड्यात काही वांगी किडकी निघतातच. तो माल बाजूला काढला की वजन घटलं, आणि वजन घटलं की भाव चढवावा लागतो. भाव चढवला की आपण म्हणतो, “ऑर्गॅनिकच्या नावाखाली लुटतात.” बाजूचा ढीग म्हणजे आपल्या विषमुक्तीचा खर्च. तो आज एकटी मावशी भरते.

तेव्हा माझी भूमिका सरळ आहे. ज्यांना फवारणी नको, त्यांनी किडकी वांगी घ्यावीत आणि त्यांचे पैसे द्यावेत. सगळी नकोत, किलोत दोन-चार घ्या. भरल्या वांग्यांना देठ राखून चार चिरा द्यायच्याच असतात. त्या चिरांतून अळीचं भुयार स्वच्छ दिसतं. तेवढा भाग कापून टाका, राहिलेल्याची परतून भाजी करा, काप करा, दाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून रस्सा करा. भरताचं वांगंही जाणती बाई एक उभी चीर देऊन आत डोकावल्याशिवाय विस्तवावर ठेवत नाही. बिनडागाचं वांगं आणि बिनविषाचं वांगं दोन्ही एकाच पिशवीत, तेही साध्या वांग्याच्या भावात, हा हट्ट आधी सोडा. त्या हट्टापायीच शेतकरी पंप उचलतो.

पंपातलं विष आपल्या ताटात किती येतं याची चर्चा घरोघर चालते. ते पहिलं जातं फवारणाऱ्याच्या नाकातोंडात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या आरोग्याच्या गप्पांत त्या माणसांचं नाव निघत नाही.

“पूर्वी सगळं ऑर्गॅनिकच होतं,” असा एक उसासाही वर्षभर ऐकला. पूर्वी म्हणजे कधी? 1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. संकरित बी आणि रासायनिक खत शेतकऱ्याने हौसेने नाही, पोटासाठी घेतलं. उलट्या दिशेला नुसत्या फर्मानाने जाता येत नाही, हे श्रीलंकेने दाखवलं. 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी घातली आणि त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. आपल्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं तर हंगामी पिकांच्या जमिनीला दोन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. त्या काळात उत्पन्न बहुधा घटतं आणि भाव साधाच मिळतो. तो काळ शेतकऱ्याने कुणाच्या जिवावर काढायचा? ओळखीचं, नेमाने येणारं, भोकाकडे काणाडोळा करणारं गिऱ्हाईक हाच तेव्हा त्याचा आधार असतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी गच्चीत वांग्याचं एक रोप लावावं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून शेतीतला अभ्यास सामान्य माणसाच्या हाती दिला. त्यांची शिस्त झेपली नाही तरी एक कुंडी झेपेल. आधी तुडतुडे येतील, मग पांढरा पिठ्या ढेकूण येईल, मग एका सकाळी शेंडा मान टाकेल. हंगामभरात चार वांगी हाती लागली आणि त्यातलं एक किडकं निघालं, तरी ते तुम्ही फेकणार नाही. कौतुकाने कापाल, चांगला भाग शेजाऱ्यांना वाढाल. मावशीच्या वांग्याला तेवढीच माया दाखवा, एवढंच मागणं आहे.

आता अंकाविषयी. यंदाचा विषय आहे ‘हात’. पैठणी विणणारे, तबल्यावर थिरकणारे, मूर्ती घडवणारे, शस्त्रक्रिया करणारे हात पुढच्या पानांत भेटतील. भाजी निवडणाऱ्या हातांवर लेख द्यायला मात्र कोणी तयार होईना. “त्यात काय लिहायचं?” असं एका मान्यवरांनी विचारलं. लिहायचं ते असं, की बिनफवारणीची भाजी निवडायला वेळ लागतो. मेथीचं पान न् पान उलटून बघावं लागतं, फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, शेंग न् शेंग सोलून आतली अळी टिपावी लागते. आणि बहुतेक घरांत “आता ऑर्गॅनिकच आणत जा” असं फर्मावणारा माणूस वेगळा असतो, अळ्या टिपणारी बाई वेगळी.

म्हणून समस्त पुरुष वाचकांना दिवाळीची ओवाळणी म्हणून एक काम सांगतो. पाडव्याच्या सकाळी मेथीच्या दोन जुड्या समोर घेऊन बसा. त्या निवडून झाल्या की हात धुवा आणि मग हा अंक उघडा. आवडला तर कळवालच, नाही आवडला तर जरूर कळवा.



– संपादक