ताप कोठे दाखवावा?

पावसाळी तापाची साथ आली की उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ-बदलापूरच्याच नव्हे, तर मुरबाडकडील रुग्णांचीही रीघ लागते. साध्या पडशासाठी तेथे न जाता जवळचा दवाखाना गाठावा, हा उपदेश योग्यच आहे. धाप लागणे, शुद्ध हरपणे, छातीत कळ येणे, यांस मात्र १०८ ची विनामूल्य रुग्णवाहिका आणि मोठे रुग्णालयच हवे. परंतु हा विवेक एकट्या रुग्णानेच बाळगावयाचा काय? पहाटेची लोकल गाठणारा बदलापूरकर रात्री परततो, तोवर सरकारी बाह्यरुग्ण विभाग केव्हाच आटोपलेला असतो. खाजगी डॉक्टरची फी महिनाअखेरीस परवडत नाही. मग दुखणे अंगावर निघते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याच्या सामान्य रुग्णालयाचे नवे बांधकाम निघाल्याने तेथील भार कळव्यावर आला होता. कित्येक रुग्ण अत्यवस्थ होऊनच आले, असेही तेव्हा सांगण्यात आले. अत्यवस्थ होईपर्यंत ते कोठे होते, हे विचारावयास नको काय? तिन्ही शहरांत स्थानकाजवळ एकेक सरकारी दवाखाना रात्री दहापर्यंत चालू राहावा, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी दोन डॉक्टर व एक औषधनिर्माता नेमणे पालिकांच्या आवाक्याबाहेरचे खास नव्हे.