वीस गुणांचे बोलणे

दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे, शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले गेले आणि मार्च २०१९ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, हेही त्याचे एक कारण. तरी ओरड झाली ती त्या गुणांसाठीच आणि पुढच्या वर्षी ते परतही आले. त्या गदारोळात अकरावीचे प्रवेश आणि सीबीएसईशी तुलना यांवर रान उठले. मुलांच्या बोलण्याचे काय, हा प्रश्न जवळपास बेवारसच राहिला. कारण उघड आहे. हे गुण बोलायला शिकवण्यासाठी आहेत, असे फारसे कोणी मानतच नव्हते.

तोंडी परीक्षा म्हणजे बहुतेक ठिकाणी पाठ केलेले म्हणून दाखवणे. वक्तृत्व स्पर्धेतले भाषण गुरुजी किंवा पालक लिहून देतात. हात कुठे उचलायचा तेही ठरलेले. गंमत अशी की, कल्पनाशक्तीला वाव द्यावा म्हणून आलेले ‘सूर्य उगवला नाही तर’सारखे निबंधही गाइडात तयार मिळतात. म्हणजे कल्पनासुद्धा घोकायची! बोलणे विचारातून यायचे, तर ज्याचे उत्तर गाइडात सापडणार नाही असा प्रश्न हवा. गावची सकाळची एसटी बंद झाली आहे. एकीने कॉलेजला जाणारी मुलगी व्हावे, दुसऱ्याने आगारप्रमुख, तिसऱ्याने रिकामी गाडी हाकून कंटाळलेला चालक. पाच मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. आधी मागणी करणारीला मग डिझेलचा हिशेब द्यावा लागला की शब्द आपोआप शोधले जातात.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. पण एकेकाला फळ्यापुढे उभे केले तरच ती अडचण येते. चौघांचे गट केले की पंधराजण एकाच वेळी बोलतात. गोंगाट होईल, तो मुख्याध्यापकांनी सोसावा. मूल्यमापन व्यक्तिनिष्ठ होईल, हा आक्षेप निबंधालाही लागू आहे. समोरच्याचा मुद्दा ऐकून उत्तर दिले का, कारण सांगितले का, एवढे तपासता येते. खरी धास्ती प्रमाण मराठीची आहे. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच वाक्यात ‘शुद्ध बोल’ म्हणून अडवले, की तो वर्षभर तोंड उघडत नाही. आधी त्याचे म्हणणे पूर्ण होऊ द्यावे; ‘ण’ आणि ‘न’ची दुरुस्ती दुसऱ्या फेरीतही करता येते.