व्याह्यांच्या घरची मुरलेली वाइन

मैत्रिणींनो, या खेपेला विषय जरा निराळा आहे. एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या फ्रान्सला निघाल्या आहेत. बाळ घरी आलं की व्याही जावयाच्या जन्मसालची, म्हणजे १९९० ची, 'व्हूव्रे' नावाची पांढरी वाइन उघडणार आहेत. "इतकी जुनी म्हणजे शिळी नाही का झाली? आणि चारचौघांत चव घेऊन बोलायचं तरी काय? हसं व्हायला नको," असं त्या लिहितात.

ताई, घ्यायची नसेल तर हसून 'नको' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण तीस वर्षांहून अधिक काळ जपलेली बाटली ते नातवंडासाठी उघडताहेत, तेव्हा निदान वास तरी घेऊन पाहाच.

शिळं आणि मुरलेलं यांतला फरक लोणचं घालणाऱ्या बाईला काय सांगायचा? बहुतेक पांढऱ्या वाइन दोन-चार वर्षांतच संपवायच्या असतात. जितकी जुनी तितकी चांगली, हा निव्वळ गैरसमज. मुरतात त्या मोजक्याच. व्हूव्रे हे लुआर नदीकाठी, तूर शहराजवळचं गाव. तिथली वाइन शनँ ब्लाँ द्राक्षांची. आपल्या नाशिककडेही ही जात लावतात. या द्राक्षाला आंबटपणा भरपूर, आणि उन्हाळा चांगला झाला की उशिरा तोडलेल्या घडांत साखरही भरपूर. या दोन्हींच्या जोरावर ती टिकते. १९८९ आणि १९९० ही तिथली नावाजलेली सालं. लेबलावर 'सेक' असेल तर गोडी नाही, 'दमी-सेक' म्हणजे थोडी गोड आणि 'म्वालो' म्हणजे चांगलीच गोड.

लाल वाइन वयाबरोबर फिकी होत जाते, पांढरी मात्र गडद होते. तेव्हा मधासारखा रंग पाहून दचकू नका. रंग तपकिरी आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा असेल, तर मात्र ती गेली म्हणायची. ओल्या पोत्यासारखा वास आला तर दोष बुचाचा. यजमान आधी आपल्या पेल्यात घोटभर ओतून हुंगतात, ते याचसाठी. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर ती काच नव्हे, द्राक्षातल्याच आम्लाचे खडे असतात. पोटात गेले तरी अपाय नाही.

पेला दांडीला धरावा. तो तिसरा हिस्साच भरतात, हा काही कंजूषपणा नव्हे, वासाला जागा लागते. जुन्या वाइनचा वास नाजूक, म्हणून आधी पेला न हलवताच हुंगा, मग हलकेच फिरवा. फार गार असली तर वास दबतो. साधारण १२ अंश पुरे; जास्त गार वाटली तर पेला थोडा वेळ तळव्यात धरा. मग लहानसा घोट तोंडात घोळवा. आधी गोडी लागेल, मागून आंबटपणा येऊन तोंड स्वच्छ करील. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते तेही पाहा. खरी परीक्षा तिथेच आहे.

बोलायला मोठाले शब्द कशाला हवेत? मध, मेण, बदाम, सुकं जर्दाळू, जे आठवेल ते सांगा. मुरांबा आठवला तर मुलीला फ्रेंचमध्ये तसंच सांगायला लावा. अहो, आल्सास भागातल्या जुन्या रीसलिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो, आणि जाणकार त्याचंही कौतुक करतात!

लेक बाळाला अंगावर पाजत असेल, तर माझ्या मते तिनं या वेळी नुसता वासच घ्यावा.

सोबत बहुधा चीज येईल. त्या भागातलं शेळीच्या दुधाचं सैंत-मोर चीज या वाइनबरोबर छान लागतं. पण 'फ्वा ग्रा' नावाची मऊ वडी पुढे आली तर ते बदकाचं नाहीतर हंसाचं यकृत असतं. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच मुलीच्या कानावर घालून ठेवा.