वहीत न बसणारी कमाई

ऐरोलीतील एखाद्या दुकानदाराने लॉटरीचे तिकीट घेतले, तर तो खर्च वहीत कोणत्या खात्यावर लिहावा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु शासन जुगाराकडे कसे पाहते, हे त्यातूनच उमगते. बक्षीस लागल्यास त्यावर ३० टक्के दराने आयकर द्यावा लागतो. तिकिटांचा खर्च मात्र त्यातून वजा होत नाही. जोखीम व्यापाऱ्यालाही असते, पण त्याचा खर्च आणि तोटा कायदा मान्य करतो. नशिबाच्या खेळाला ती सवलत नाही.

हा भेद मुंबई राज्याच्याच एका खटल्यात स्पष्ट झाला. शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी राज्याच्या करास आव्हान दिले होते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जुगार हा व्यापार नव्हे; व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्यास मिळणार नाही.

त्यामुळे या उद्योगाचे आयुष्य सर्वस्वी शासनाच्या धोरणावर अवलंबून राहिले. मटक्यास आळा बसावा आणि महसूलही मिळावा, म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला. तो कधीच अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्याने मात्र आपल्या १९७६ च्याच जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांच्या खेळांना वाट करून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. लॉटरी मात्र चालू राहिली; पुढच्याच महिन्यात तिच्यावरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला.

एका राज्यात परवाना, दुसऱ्यात मनाई. काल मुभा, आज बंदी. कायद्याची रेषा अशी सरकत असते. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव प्रथम घेणाऱ्या परंपरेची रेषा मात्र सरकलेली नाही. नव्या पिढीच्या हाती गल्ला सोपविताना ‘हे कायदेशीर आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘ही रक्कम वहीत उजळ माथ्याने लिहिता येईल का?’ हा प्रश्नही घरातच विचारला गेला पाहिजे.