बिल्ला हवा, पण त्याची वही कुणाच्या हाती?

तासगाव तालुक्यातील पशुपालक व दूध उत्पादकांसाठी

गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याला आमचा विरोध नाही. जनावर कोणत्या बाजारातून कोणत्या गोठ्यात गेले, हे कळल्याशिवाय साथ अडत नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत ओळखू येण्याआधीच मेंढ्या बाजारांतून देशभर पांगल्या होत्या. पुढे साठ लाखांवर जनावरे मारावी लागली. आपण २०२२ ची लम्पी पाहिली आहे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि सरकारी दवाखान्यातले उपचार बंद झाले, त्यामागचे कारण आम्हाला पटते.

पण हा बारा आकडी क्रमांक आता रोगापुरता राहिलेला नाही. 'भारत पशुधन' प्रणालीत त्याच्यासमोर मालकाची ओळख, लस, रेतन, उपचार असे सारे नोंदले जाते. २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपयांच्या दूध अनुदानासाठी तो आधार आणि बँक खात्याशीही जोडला गेला. गाय तीनदा उलटली ही नोंद डॉक्टरला उपयोगी आहे. हेड्याच्या हाती पडली तर भाव पडतो, विमा कंपनीच्या हाती पडली तर दावा अडतो. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे खरा, पण अनुदान आणि सेवांच्या नावाखाली सरकारला त्यात बरीच मोकळीक आहे.

'गोठा उघडाच असतो, त्यात लपवायचे काय?' असे काहीजण विचारतात. गावाला आपला गोठा ठाऊक असतो, तसे आपल्यालाही गाव ठाऊक असते. क्रमांक टाकून दुरून पाहणारा मात्र आपल्याला दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साथीत परवानग्या मागत बसायचे का? मुळीच नाही. साथीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला सगळे तत्काळ दिसलेच पाहिजे. पण पहिली खबर देणार कोण? २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने ते काम मालकावरच टाकले आहे. नोंद झाली की किंमत गेली, अशी धास्ती बसली तर तो अंगावरच्या गाठी झाकून जनावर पुढच्या बाजारी विकून मोकळा होईल. मग बिल्ला कानात राहील आणि रोग पुढच्या तालुक्यात पोहोचेल.

म्हणून पशुसंवर्धन विभागाकडे मागणी अशी: रोगाची नोंद आणि पैशाची नोंद वेगळी ठेवा. डेअरी, बँक, विमा कंपनी यांना मालकाने प्रत्येक वेळी होकार दिल्याशिवाय काही दाखवू नका. आपली नोंद कुणी, कधी पाहिली, हे मालकाला मोबाईलवर मराठीत कळू द्या. आणि शेजारच्या गावात साथ आली, तर मालकाचे नाव न घेता ती खबर त्याच दिवशी प्रत्येक दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर लावा. या मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा, ही विनंती.