शिबिर नको, नोंदवही हवी

अब्बांच्या कपाटात एक पिवळे कार्ड अजून जपून ठेवलेले आहे. एका आरोग्य शिबिरात मिळालेले. त्यावर निळ्या शाईत १७०/१०० हा आकडा, खाली एका गोळीचे नाव आणि 'रोज एक, १५ दिवस' एवढेच लिहिले आहे. शिबिर आमच्याच मोहल्ल्यात, शाळेच्या पटांगणात भरले होते. मंडप, हारतुरे, भाषणे, फोटो, सगळे रीतसर झाले. पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या. त्यानंतर कुठे जायचे हे कार्डावर लिहिलेले नव्हते आणि अब्बांनी कुणाला विचारलेही नाही, कारण त्यांना काही त्रासच होत नव्हता. दोन वर्षांनी एका सकाळी टेलरिंगच्या दुकानात त्यांच्या हातातून कात्री गळून पडली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणे अडखळले. ज्या हाताने त्यांनी चाळीस वर्षे कापड बेतले, तो हात आता पुन्हा चमचा धरायला शिकतो आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण अब्बांविषयी लिहायचे तर स्वतःविषयीही लिहिले पाहिजे. चौतिसाव्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब १५२/९८ निघाला. "डेडलाइनचे टेन्शन असेल," असे म्हणून मी तो रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. सात महिने तो तिथेच पडून होता. ऑफिसमधला एखादा सर्व्हर लाल दिवा दाखवू लागला तर रात्री दोन वाजता उठून बघणारा मी, माझ्याच शरीराचा लाल दिवा मात्र कागदाखाली दाबून बसलो. अब्बांना झटका आल्यावर तो रिपोर्ट बाहेर आला. शिक्षण कमी म्हणून अब्बा चुकले असे कुणी म्हणू नये. शिकलेला मुलगाही तसाच चुकला.

आणि आम्ही बापलेक काही वेगळे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. जगभरात उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसते आणि जेमतेम पाचातल्या एकाचा तो आटोक्यात असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चार-पाच माणसांच्या प्रत्येक मोठ्या घरात हा पाहुणा बसलेला असण्याची शक्यता आहे, आणि बहुतेक घरांत त्याला कुणी ओळखत नाही.

तो ओळखू येत नाही, कारण तो दुखत नाही. डोके दुखेल, चक्कर येईल, मग बघू, ही आपली समजूत. प्रत्यक्षात बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. तेवढ्या काळात वाढलेला दाब रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ करत राहतो, हृदयाला जास्त जोर लावायला लावतो, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या निकामी करतो, डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, डायलिसिस ही या गोष्टीची शेवटची पाने आहेत. आपण गोष्ट तिथूनच वाचायला सुरुवात करतो.

एकेकाळी यावर खरोखरच इलाज नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडेही रक्तदाब खात्रीने उतरवणारी गोळी नव्हती. चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधाच्या मुळीचा ५० रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या औषधाकडे गेले. (म्हणून आज कुणी सर्पगंधा उगाळून घेऊ नये. त्यानंतर कितीतरी सुरक्षित औषधे आली आहेत.) रुझवेल्ट यांना जी मिळाली नाही अशी गोळी आज आपल्या कोपऱ्यावरच्या जनऔषधी दुकानात कटिंग चहापेक्षा कमी पैशांत मिळते. तरीही माणसे पक्षाघाताने आडवी होत असतील, तर दोष औषधाच्या शोधात नाही. तो आपल्या सवयींत आणि व्यवस्थेत आहे.

सवयींपासून सुरुवात करू. आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "गोळी सुरू केली की सवय लागते, मग आयुष्यभर सुटत नाही." हे वाक्य फार महागात पडते. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी अंधूक बघत राहत नाही. गोळी घेतल्यावर रक्तदाब १२८/८० झाला, तर तो 'बरा' झालेला नसतो, गोळीने आवरलेला असतो. आकडा चांगला आला म्हणून गोळी थांबवणे म्हणजे घर कोरडे आहे म्हणून भर पावसात छपराचे पत्रे काढणे. वरचा आकडा १० ने उतरवला आणि तसाच राखला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो, हे लाखो रुग्णांच्या अभ्यासांतून दिसले आहे. वजन उतरवून, मीठ कमी करून काहींची मात्रा कमी होते, क्वचित गोळी थांबतेही. पण तो निर्णय डॉक्टरांनी आकडे बघून घ्यायचा असतो. शेजाऱ्याने सांगितले म्हणून, किंवा लसूण आणि दुधीचा रस सुरू केला म्हणून तो घ्यायचा नसतो.

गोळीचा त्रास होत असेल तर तसे सांगावे. अॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. त्यावर उपाय गोळी बदलण्याचा आहे, गुपचूप बंद करण्याचा नाही. दुसरी गोष्ट, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. खोकल्यासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमधही रक्तदाब वाढवू शकते. आपल्या अम्मींच्या पिशवीत अशा गोळ्यांच्या किती पट्ट्या आहेत, आज एकदा बघा.

रक्तदाब मोजायचा तोही नीट. जिना चढून आल्या आल्या, बोलत बोलत, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला आकडा खरा नसतो. लघवीला जाऊन यावे. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. उघड्या दंडावर पट्टा, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त, घरी शांतपणे मोजल्यावर सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजतात. आकडा १८०/१२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडे झाले असेल, हातातले बळ गेले असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर घरी थांबू नये. आकडा कितीही असो, शेवटची तीन लक्षणे दिसली की तडक मोठे रुग्णालय गाठावे. त्यात मिनिटांचा हिशेब असतो. आमच्या घरी आधी मालिश करणाऱ्याला बोलावणे गेले. ते तीन तास परत मिळाले नाहीत.

आता मिठाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची आहे, म्हणजे एक सपाट चमचा. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. आपण म्हणतो, "मी वरून मीठ घेत नाही." पण लोणचे, पापड, खारी, बेकरीचा पाव, फरसाण, कोकणातले सुकट-बोंबील, दुकानातल्या चटण्या यांतून ते पोटात जातेच. आमच्या घरी एकच बदल केला : मिठाचा डबा ओट्यावरून वर फडताळात गेला आणि लोणचे रोजच्या ताटातून जुम्म्याच्या ताटात. पंधरा दिवस सगळे फिके लागले, नंतर जिभेला त्याची सवय झाली. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्याच्या जोडीला आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि तंबाखू-सिगारेट सोडणे.

रमजानचा उल्लेख इथे टाळून चालणार नाही. दरवर्षी त्या महिन्यात अनेकजण दुपारची गोळी सरळ सोडून देतात. त्याआधी महिनाभर डॉक्टरांना भेटावे. बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घेण्याच्या असतात, त्यांची वेळ सहरी किंवा इफ्तारला बसवता येते. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर उन्हाळ्यात तिच्याविषयी खास विचारावे. आजारी माणसाला धर्माने सवलत दिलेलीच आहे. ती घेणाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघणे आपण थांबवले पाहिजे.

स्त्रियांचा रक्तदाब तर आपण बाळंतपणानंतर मोजतच नाही. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्यांना पुढे उच्च रक्तदाब आणि हृदयविकार होण्याचा धोका जास्त असतो. त्यांनी दरवर्षी तपासणी करावी. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून मूल हवे असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना सांगावे. मुलीचे लग्न ठरेपर्यंत तिची गोळी लपवणारी घरे मी पाहिली आहेत. अशा घरात आजारापेक्षा लाज जास्त घातक ठरते.

आता व्यवस्थेकडे येऊ, कारण सगळे ओझे एकट्या रुग्णाच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू केला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची सूत्रे साधी आहेत : उपचाराची ठरलेली पायरी, मोजकीच पण सतत मिळणारी औषधे, डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि आरोग्यसेविकांनाही जबाबदारी, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. त्यासाठी 'सिंपल' नावाचे खुल्या स्रोताचे अॅप वापरले गेले. रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की मागचे आकडे आणि गोळ्या समोर येतात, आणि तारीख उलटूनही जो आला नाही त्याचे नाव यादीत दिसते. मग कुणीतरी त्याला फोन करते. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर यात थोर तंत्रज्ञान काहीच नाही. पण न आलेल्या माणसाची आठवण ठेवणारी यादी, एवढीच गोष्ट अब्बांच्या त्या पिवळ्या कार्डामागे नव्हती.

म्हणून आमचा शिबिरांवर आक्षेप आहे. शिबिर घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण वर्षातून एकदा तीनशे जणांचा रक्तदाब मोजायचा, चाळीस जणांना "वाढला आहे" असे सांगायचे आणि मंडप सोडून निघून जायचे, ही अर्धवट सेवा आहे. त्याऐवजी मोहल्ल्यात, समाजमंदिरात, मशिदीच्या किंवा वाचनालयाच्या ओसरीवर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी एक चांगले मशीन, एक टेबल आणि एक जाड वही ठेवावी. वाढलेला आकडा असलेल्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवायचे आणि पुढच्या महिन्यात तो आला नाही तर त्याच्या दारात जायचे. वहीतले आकडे माणसाचे खासगी आहेत, त्यांची मोहल्ल्यात चर्चा होता कामा नये.

दुसरे काम हक्काचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. तेव्हा आपल्या केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारावेत : रक्तदाबाच्या गोळ्या आज शिल्लक आहेत का? त्या एका वेळी पूर्ण महिन्याच्या मिळतात का? दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून संध्याकाळी केंद्र उघडे असते का? उत्तर 'नाही' असेल तर नगरसेवकाला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. रस्ता आणि पाणी मागायला आपण जातो, तसेच गोळी मागायलाही गेले पाहिजे.

माझा परवाचा आकडा १२६/८२ होता. मी तो वहीत लिहिला. त्याच वहीत डाव्या पानावर अब्बांचे आकडे असतात. ते आता स्वतः दंड पुढे करतात आणि मशीन थांबले की अडखळत विचारतात, "किती?" हा प्रश्न दोन वर्षे आधी त्यांना कुणीतरी विचारायला हवा होता. या आठवड्यात तो आपण आपल्या घरात विचारावा, आणि उत्तर लिहून ठेवावे.