ठिणगीचे आयुष्य

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना आपण काच पुसतो, दिवे पुसतो, चाकांनाही हळदकुंकू वाहतो. बॉनेटखालच्या चार स्पार्क प्लगांच्या वाट्याला मात्र एक बोट कुंकूही येत नाही. आणि राबतात किती! साठाच्या वेगाने जाताना इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते असे धरले, तर दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे प्रत्येक प्लग किलोमीटरला १००० ठिणग्या पाडतो. चाळीस हजार किलोमीटर म्हणजे चार कोटी ठिणग्या! शिवाय सायनच्या सिग्नलला गाडी नुसती धडधडत उभी असते, तेव्हाच्या ठिणग्या किलोमीटरच्या आकड्यात धरतच नाहीत. (डिझेलवाल्यांनी खुशाल पान उलटावे, त्यांच्याकडे ठिणगीचे कामच नाही.)

प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते. एखाद्या मिलिमीटरची फट रुंदावत जाते आणि ती ओलांडायला इग्निशन कॉइलला अधिक दाब लावावा लागतो. गोम अशी की, गाडी लगेच तक्रार करीत नाही. मग आपले मध्यमवर्गीय ब्रीदवाक्य पुढे येते: 'चालतेय ना? मग कशाला बदलायचे?' घाटात इंजिन हिसके देऊ लागते, न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढते, तेव्हा कुठे जाग येते. प्लगचा भाव शेकड्यांत, कॉइलचा हजारांत. आणि कन्व्हर्टरचा तर विचारूच नये.

फियाट-अँबॅसडरच्या काळात प्लग काढावा, पॉलिश पेपरने घासावा, फट मोजावी आणि पुन्हा बसवावा, अशी रीत होती. माझे एक वडीलधारे स्नेही आजही हाच सल्ला देतात. निकेलच्या जाड टोकाला ते खपून जाई. आताच्या इरिडियम प्लगचे टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. घासले की कामातून गेले! तो धातू वितळायला २४०० अंशांहून अधिक उष्णता लागते, म्हणून तो लाखभर किलोमीटर टिकतो. साधा निकेलचा तीस-चाळीस हजार. सीएनजी पेटवायला दाब जास्त लागतो, तेव्हा तिथे मुदत आणखी कमी. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. गॅरेजवाला दर सर्व्हिसिंगला प्लग बदला म्हणाला, तर ते पुस्तकच त्याच्यापुढे धरावे.

बदलायचे ते चारही एकदम, आणि इंजिन गार झाल्यावरच. हेड ॲल्युमिनियमचे असते. गरम असताना जोर केला तर आटे जातात. आणि जुने प्लग मागून घ्यावेत. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जादा जळते आहे. आणि तेलकट ओल दिसली, तर मेकॅनिकला तिथल्या तिथे दाखवावी.